सम तारखा बाबाच्या

हॅलो?

हॅलो… हां, भावनाताई, जय भीम. बोल. … काय? … थांब, थांब, घरात रेंज नाई, स्लॅबवर जातो… हां. आता बोल. … आला, साफ आला आवाज.

नाई व, काम कायचं? सरपंचाच्या मोबाईलची स्क्रीन बदलून राह्यलो होतो. … शिकलो कुठी, व्हिडिओ पाहून करतो. त्याले माहित नाई, तू सांगू नको. … ते सोड. मोठेबाबा कसे हायेत? सेलूले लेकीच्या घरी गेले त हिंगणी विसरले का? काल वर्ध्याले दाखवलं ना किडनीचं?

… किती? … दोन पॉइंट एक? अन् मागच्या टायमाले एक पॉइंट सहा होतं ना? … बापा. म्हणजे आकडा चढला.

मंग डॉक्टर काय म्हणे? … 'नवीन औषध कोणतं सुरू केलं.' … अन् मोठेबाबा? … पंख्याकडं पाहून राह्यले. हां, तसेच हायेत ते. तुझा बाप बोलत नाई अन् माझा बाप ऐकत नाई. दोघं सख्खे भाऊ शोभते.

… अवं, मी काऊन देऊ त्यायले जडीबुटी? … ताई, व्हिडिओ पाहून मी मोबाईल खोलतो, माणसं नाई खोलत. माझ्यावर काऊन घेऊन राह्यली तू? …

कशात? … शर्टाच्या खिशात? धुवायले काढला तवा… हां. … कागदाच्या पुड्या. किती? … तीन. … अन् उघडली का एखादी? … कॅप्सूल.

ताई, रंग सांग. … अर्धी पांढरी, अर्धी पिवळी. … तिच्यावर काही लिहिलं हाय का? नाव, कंपनी, काहीबी? … नीट पाह्य ना, उजेडात ने. … कोरी. काहीच नाई.

… हाय, हाय, लाईनवरच हाय मी.   ताई, मोठेबाबा कुठी हायेत आता? … आंघोळीले. मंग हळू बोल. अन् त्या पुड्या त्यायच्या खिशात परत ठेवू नको. तुझ्याजवळ ठेव.

ती माझ्या बाबाची कॅप्सूल हाय. … लहानूची, हो! नागपूरची. ट्रायलची.

… ट्रायल म्हणजे… तुले कोणी पूर्ण सांगितलंच नाई का? इतकंच ना, की लहानूले घेतलं अन् रूपरावले नाई घेतलं? बरं, ऐक. … हो, थोडक्यात. … थोडक्यात नाई जमत व मले, तुले माहित हाय. ऐक.

अमायलॉइडोसिस. … नाव त मले बी महिनाभर बोलता नाई आलं. सोपं सांगतो. आपलं लिवर एक प्रोटीन बनवते. तुझं बनवते, माझं बनवते, सगळ्याचंच. त्याचे चार तुकडे एकमेकाले धरून राह्यते. या दोघा भावायचे तुकडे सुटते. सुटले का वाकडे होते, अन् वाकडे झाले का कुठीबी जाऊन बसते. मनगटात बसते, हृदयात बसते. पाण्याच्या टाकीत तळाले गाळ बसते ना, तसं. … हो, घराण्यातूनच आलं. आजोबा बी दम लागूनच गेले होते ना.

सापडलं कसं, तेच त सांगून राह्यलो. तुले आठवते, दोघायचे हात बधीर होत होते? हिंगणीतली निम्मी घरं या दोघाच्या हातची. मोठेबाबा ओळंबा धरे, बाबा विटा लावे. एका पाटीतला माल, एका डब्यातली भाकर, एकच कट चहा, अर्धा बशीत अन् अर्धा कपात. थापी हातातून सुटाले लागली तवा अख्खं गाव म्हणे, सिमेंटनं झालं. दोघायचं मनगटाचं ऑपरेशन झालं, विषय संपला. मंग आठ वर्षानं बाबाले दम लागाले लागला, पाय सुजाले लागले. नागपूरच्या डॉक्टरनं सोनोग्राफी नंतर पाह्यली, मनगट पह्यले पाह्यलं. म्हणे, हे टाके कायचे? बाबानं सांगितलं. म्हणे, घरात अजून कोणाचे हायेत असे? त बाबानं बाजूच्या खुर्चीवरून मोठेबाबाचा हात उचलून त्यायच्या पुढं धरला. बोललेच नाई काही. डॉक्टर खुर्चीतून उठून उभा झाला ताई.

… हो, तिथूनच मोठेबाबाचं बी निघालं. मंग डॉक्टर सांगे, हृदयाची भिंत जाड झाली. बाबा म्हणे, साहेब, भिंत जाड असली त घर मजबूत राह्यते. डॉक्टर म्हणे, इथं उलटं हाय, ही भिंत हालली पाह्यजे. … हास तू. मी बी तवा हासलो होतो.

हां. त ती कॅप्सूल. तिचं काम म्हणजे ते चार तुकडे सुटू नाई द्यायचे. जोड धरून ठेवायचा. पण खरंच धरते का नाई, हेच पाहून राह्यले ते. म्हणून निम्म्या लोकायले खरी देते अन् निम्म्यायले डमी. … डमी म्हणजे वरून सेम, आत काहीच नाई. … फसवणूक नाई व! पह्यलेच सांगते, सही घेते, नेहमीचं औषध चालूच राह्यते. कोणाले कोणती ते कॉम्प्युटर ठरवते. आपल्याले माहित नाई. देणाऱ्या मॅडमले माहित नाई. डॉक्टरले बी माहित नाई! … काऊन म्हणजे, माहित असलं त डोळा तसाच पाहते ना. त्याले वाटन खरी देली, म्हणजे सुधारलंच असन.

मोठेबाबाले नाई घेतलं ते किडनीपायी. ट्रायलवाल्यायची एक हद्द हाय, त्याच्या वर आकडा असला का घेत नाई. त्या दिवशी बसमध्ये दोघं बाजूबाजूले बसले होते. बाबाच्या मांडीवर औषधाची थैली. दोघंबी खिडकीतून भायेर पाहून राह्यले होते, अन् खिडकी त एकाच बाजूले होती.

… हो, मलेबी आताच समजून राह्यलं. तुझ्यासंगं बोलता बोलता. ताई, मोठेबाबा तुझ्याकडं कवा आले? … तेरा तारखेले सायंकाळी. अन् वापस कवा येनार? … वीसले. आज पंधरा. थांब, बोटावर मोजतो. पंधरा… सतरा… एकोणीस. तीन! तीनच पुड्या हायेत ना? विषम तारखा त्यायच्या, सम तारखा बाबाच्या. बापा रे बापा. दोघं भाऊ गोळी बी वाटून खाऊन राह्यले.

… एक ऑगस्टपासून. साडेतीन महिने झाले.

नाई, मले कसं दिसन? दर महिन्याले ट्रायलवाली ज्योत्स्ना मॅडम बाटलीतल्या उरलेल्या मोजते. बरोबरच निघे. रोज एक कमी होऊन राह्यली होती ना! मॅडम म्हणे, अंकित, तुमच्यासारखा पेशंट नाही. मी फुगून वापस येवो.

… मी रोज सकाळी विचारे, बाबा, घेतली का? ते म्हणे, हो. मी डायरीत टिक मारे. अन् घरी माझं वेगळंच चालू होतं, तुले सांगतो. विहारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बाबाले चालवे, मोबाईलमध्ये टाइम लावे, कितीदा थांबले ते लिहे. मले पाहाचं होतं ना, खरी हाय का डमी. … कोणी नाई सांगितलं, मीच. चैनच नाई पडे. ऑगस्टमध्ये दोनदा थांबे, आता बी दोनदाच थांबते. सुधारलं नाई, बिघडलं बी नाई. मी म्हणो, हे कायचं लक्षण? आता समजलं, निम्मीच जाऊन राह्यली होती पोटात. म्हणजे मले काहीच समजलं नाई! ना खरी, ना डमी.

… नाई, मी काही मजा नाई घेऊन राह्यलो. … ताई, शिव्या दे, पण फोन ठेवू नको.

थांब, बाबाच आले वर… बाबा, हळू. शिडीचा कठडा धरा ना. अन् इतक्यात बोलू नका, बसा पह्यले. टाकीले टेका. … भावनाताई हाय. … हो, मोठेबाबाचंच. … बाबा, त्यायच्या खिशात तीन पुड्या सापडल्या.

… ताई, मान खाली घातली यायनं. दुपट्ट्याचं टोक पिळून राह्यले.

बाबा, मी रोज विचारलं ना तुमाले? … म्हणते, हो, खोटं बोललो. एक दिवसाआड खोटं, एक दिवसाआड खरं. … ऐक, बाबा काय म्हणते ते सांगतो तुले. म्हणते, मी चौदा वर्षाचा होतो तवा रूपरावनं माझ्या हातात थापी देली. पह्यली भिंत वाकडी झाली त स्वतःच्या नावावर घेतली, ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या. म्हणते, दोघायले एकच बिमारी, एकाच दरवाज्यात उभे, एकाले आत घेतलं अन् एकाले वापस पाठवलं. मी एकट्यानं कशी गिळू? घशातून उतरे नाई म्हणते.

… रडून राह्यली का तू? … नाई, बाबा नाई रडत. बाबा मले एकतीस तारखेचं सांगून राह्यले. … अवं, एकतीसले मोठेबाबाची पाळी, दुसऱ्या दिवशी एक तारीख, ते बी विषम. दोन दिवस लागोपाठ त्यायलेच भेटली. ऑगस्टमध्ये झालं, ऑक्टोबरमध्ये झालं. बाबा म्हणते मी काही बोललो नाई, मोठा भाऊ हाय. … यायले गोळी वाटाले इतका हिशोब जमते अन् मले सांगाले नाई जमत!

हां, बोल ताई. … हो. … हो, ऐकून राह्यलो.

… म्हणजे कोणाले सांगायचंच नाई? पुड्या नालीत टाकायच्या, मोठेबाबाले दम द्यायचा, बाबानं उद्यापासून रोज घ्यायची. कोणाले पत्ता नाई. … बरोबर हाय तुझं. सांगितलं त बाबाले काढतीन. आपल्याले दुसरं औषध कुठी भेटते? … नाई, तू चूक नाई बोलून राह्यली. मी बी मनात तेच म्हणून पाह्यलं, दोन मिनिटापह्यले.

पण तू वर्ध्याच्या डॉक्टरले काय सांगशीन? अर्धी पांढरी, अर्धी पिवळी? नाव काय तिचं? मले माहित नाई, तुले माहित नाई. आत काय हाय ते फक्त नागपूरवालेच काढू शकते. अन् मोठेबाबाची किडनी गोळीनं चढली का आपोआप चढली, हे त्यायच्याशिवाय कोण सांगन? ज्यापायी त्यायले घेतलं नाई, तेच बिघडून राह्यलं ना.

… अजून एक सांगू? खरं सांगतो. तू आकडा सांगितला, मंग गोळीचं सांगितलं, त माझं मन पह्यले मोठेबाबाकडं नाई गेलं. पह्यले हे आलं, की आता सांगितलं त ते कॉम्प्युटर उघडतीन, अन् मले समजन, खरी होती का डमी. … हो, लाज वाटते. पण आलं.

अन् दुसरं असं, की तो गाळ घराण्यातून आला. तुह्या माह्या रक्तात हाय का नाई, अजून कोणी पाह्यलं नाई. उद्या तुले दम लागला, मले लागला, तवा या गोळीवर भरोसा ठेवायचा का नाई, ते कोणाच्या आकड्यावरून ठरन? बाबासारख्या लोकायच्याच. अन् बाबाचा आकडा निम्मा खोटा हाय. माझ्या हातानं लिहिलेला. एकशे सात टिका, खाली सही माझी.

 

… काय वाजलं? … कडी. निघाले का ते? … नाई, अजून अंगावर पाणी घेऊन राह्यले. बरं.

बाबा? कुठी चालले? … ताई, हे खिशातून पाकीट काढून राह्यले. … मॅडमनं देलेलं कार्ड. पाकिटात, बाबासाहेबाच्या फोटोमागं ठेवलं होतं. मले म्हणते, लाव. आता लाव, म्हणते, नाई त माझी हिंमत जाईन.

ताई, यायचं नाव जाऊ शकते ट्रायलमधून, बाबाले माहित हाय ते. … हो, मी सांगितलं. … बाबा म्हणते, रूपरावच्या किडनीपेक्षा माझं नाव मोठं हाय का? … तू लाईनवरच राह्य. बाबाच्या बटनाच्या फोनवरून लावतो. चूप राह्यजो.

… रिंग जाऊन राह्यली.

हां, मॅडम, नमस्कार. हिंगणीहून अंकित बोलतो, लहानू पेशंटचा मुलगा. … नाही, बाबा ठीक आहेत. बसले आहेत इथंच. मॅडम, आमच्याकडून एक चूक झाली आहे. चूक म्हणजे… मोठी. … बाबा एकटे नाही घेत गोळी. एक दिवस ते, एक दिवस त्यांचे मोठे भाऊ. … तेच, रूपराव. ज्यांना किडनीमुळं नाही घेतलं. … पहिल्या दिवसापासून. … हो मॅडम. … हो. … नाही, घरात बाकी कोणी नाही घेतली. … कालचा आकडा दोन पॉइंट एक. आधी एक पॉइंट सहा. … शेवटची तेरा तारखेला. आजची घेतली नाही, बहिणीनं काढून घेतली. … लघवी? थांबा…

ताई, लघवी बरोबर होते का मोठेबाबाले? सूज? … मॅडम, लघवी बरोबर आहे. सूज पायाला थोडी, पहिल्याइतकीच. … हो. … आजच? … आणतो. बाटली, पुड्या, डायरी, सगळं. … आणि बाबा? … बरं. … नाही, मला समजते, तुमच्या हातात नाही ते.

मॅडम, एक विचारू? ती… खरी होती का? … हो. हो, तुम्हाला पण माहित नाही. विसरलोच.

… बाबा, काय? … मॅडम, बाबांना काही विचारायचं आहे, मीच सांगतो. ते म्हणतात, रूपरावनं चोपन्न गोळ्या खाल्ल्या. त्याचं नाव नाही तुमच्याकडं, पण खाल्ल्या तर आहेत. त्या वाया जाऊ देऊ नका. त्याची पण नोंद घ्या कुठंतरी.

   … हो. सांगतो त्यांना. … डायरी दुरुस्त करू? कशी? व्हाइटनर नाही. … एक रेघ, बरं. … समजलं. दुपारपर्यंत पोहोचतो.

… ठेवला. ताई, हाय का? … ऐकलं ना सगळं?

मोठेबाबाची गोळी आतापासून बंद. आजच नागपूरले नेऊन रक्त पाह्यतीन. गरज पडली त कॉम्प्युटर उघडतीन, पण फक्त डॉक्टर पाह्यन, आपल्याले सांगतीनच असं नाई. … अन् बाबाची बाटली सध्या थांबली. ठेवायचं का काढायचं, ते वरचे लोक ठरवतीन. मॅडम म्हणे, मी खोटी आशा नाही देत. … हो. तसंच म्हणे.

पण मोठेबाबाचं लिहून घेते म्हणे. कोणत्या तारखेले कोणी घेतली, पूर्ण. त्यायची किडनी, सूज, सगळं. म्हणे, त्यांना म्हणावं, मी स्वतः विचारणार आहे, पंख्याकडं पाहून नाही चालणार. … हो ना, मी कुठी सांगितलं तिले पंख्याचं? तिनं त्या दिवशी पाह्यलंच असन.

… निघाले का? आता निघाले? … शर्ट शोधून राह्यले. … सांग त्यायले. दमानं सांग, पण सांग. … नाई, माझा बाप नाई बोलत आता, माझ्या खिशातली डायरी काढून उघडून राह्यले. तू म्हण, लहानूनं सांगून टाकलं. अन् म्हण, नंबर लागला तुमचा बी.

मी दहाच्या बसनं बाबाले घेऊन येतो. तू सेलूच्या स्टँडवर मोठेबाबाले घेऊन उभी राह्यजो, चौघं संगच जाऊ. … डबा घे, हो. … दोन काऊन? एकच घे मोठा, त्यायले तसंच पाह्यजे.

बस त, ठेवतो. डायरी दुरुस्त करायची हाय मले. … खोडायचं नाई. एक सीधी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाह्यजे, बाजूले खरं लिहायचं, सही अन् आजची तारीख. चोपन्न ठिकाणी 'रूपराव' लिहायचं, अन् आजच्यावर 'कोणीच नाई'. … नाई व, एकट्याले नाई वाटत. बाबा बसले ना बाजूले, बोट ठेवून राह्यले पानावर.

… हां बाबा, एक ऑगस्ट. … थांबा ना, फोन त ठेवू द्या. ठेवतो ताई.